माणिकगडचें पाणी : वैशाखांतील एका चढणीची हकीकत

१

माणिकगडाचें नांव वाचलेले अभ्यासू पुष्कळ आहेत. तो गड पाहिलेले थोडे आहेत. आणि भर वैशाखांत पायीं चढून पाहिलेले त्याहूनहि थोडे असतील. किल्ले पाहावयाचे ते मार्गशीर्ष-पौषांत, हवा थंड असतां व गवत वाळूं लागलें असतां, असा आम्हां संशोधन करणारांचा प्रघात पडून गेला आहे. तो सोयीचा आहे यांत शंका नाहीं. परंतु सोयीच्या ऋतूंत पाहिलेला किल्ला आपली अर्धीच हकीकत सांगतो. किल्ल्याची खरी परीक्षा वैशाख-ज्येष्ठांत होते. पावसाळ्यापूर्वीं मोहीम उरकण्याची घाई असलेल्या फौजा पुष्कळदां याच दिवसांत तटाखालीं येत, आणि तटाच्या आंतील पाणी आटतें तेंहि याच दिवसांत.

चंद्रपूर (जुनें चांदा) व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील किल्ल्यांविषयीं जें लिहिलेलें आमच्या वाचनांत आलें, त्यांत तट, बुरूज, दरवाजे आणि राजांचीं नांवें यांची चर्चा भरपूर आहे. पाण्याची चर्चा ओझरती आहे. माणिकगडाविषयीं आमच्या मनांत पुष्कळ दिवस एक साधा प्रश्न घोळत होता. या गडावर माणसें व जनावरें बारा महिने राहूं शकत होतीं काय? कागदांत याचें उत्तर मिळेना. म्हणून वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यांत, नवतपा लागण्याच्या तोंडावर, आम्ही तो गड एका दिवसांत चढून उतरलों. त्या दिवसाची हकीकत व तीवरून निघणारीं अनुमानें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

२

प्रथम कागदांची साक्ष पाहूं.

अबुल फजलाच्या आईन-ई-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें माणिकदुर्ग हें एक सरकार म्हणून नोंदलेलें आहे. वऱ्हाड मोगलांकडे आलें तें इ. स. १५९६ त. गडाचें वर्णन तेथें दोन ओळींतच आहे. डोंगरावरचा, अरण्यानें वेढलेला, चांद्यानजीकचा एक नामांकित किल्ला, एवढेंच तें वर्णन. परंतु त्याला लागूनच ग्रंथकार मोकळेपणानें कबूल करितो कीं हा मुलूख अद्याप स्वतंत्र आहे. म्हणजे कागदावर सरकार बसलें, त्याखालीं परगणे मांडले गेले, आणि किल्ला मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहिला. मोगल फौजांचा चांद्यावर खरा दाब पडला तो पुढें १६६७ त, दिलेरखान खंडणीसाठीं चालून आला तेव्हां. मधल्या सत्तर वर्षांत माणिकदुर्ग वऱ्हाडचा होता असें कोणी केवळ आईनच्या आधारें लिहील तर तें कागदापुरतें खरें, डोंगरापुरतें खोटें होईल.

दुसरें साधन मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल. गोंडांच्या पूर्वीं या प्रांतीं माना लोकांचें राज्य होतें, सुरजागड व माणिकगड हीं त्यांचीं बळकट ठाणीं होतीं, आणि सुमारें दोनशें वर्षांच्या धामधुमीच्या राज्यानंतर ते गोंडांपुढें हरले, ही स्थानिक परंपरा त्यांत नमूद आहे. माणिकगडाचा संस्थापक म्हणून कुरुमप्रहोद या माना पुरुषाचें, व सुरजागडास तटबंदी करणारा म्हणून सुरजत बडवाईक याचें नांव परंपरा सांगते. गोंड राजांच्या यादीचा आरंभ भीम बल्लाळसिंहापासून होतो. त्याची राजधानी सिरपूर, आणि आश्रयाचें मुख्य ठाणें माणिकगडच.

या यादीप्रमाणें भीम बल्लाळसिंहाचा काळ इ. स. ८७० च्या सुमाराचा येतो, व शेवटचा राजा नीलकंठशहा याचें राज्य १७५१ त नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या हातीं जातें. मधले राजे, दोन्ही टोकें धरून, १९. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सरासरी ४६ वर्षें आलीं! एखाद्यानें इतकें दीर्घ राज्य करणें शक्य आहे. ओळीनें एकोणिसांनीं करणें शक्य नाहीं. आईनमध्यें चांद्याचा जो गोंड जमीनदार बाबाजी म्हणून येतो तो या यादींतील चौदावा राजा बाबाजी बल्लाळशहा होय. त्याच्यापासून नीलकंठशहापर्यंत सहा राजे सुमारें पावणेदोनशें वर्षांत बसतात. सरासरी २९ वर्षांच्या घरांत येते. हाच हिशेब मागें नेला तर भीम बल्लाळसिंह बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभीं येतो, आणि मानांचीं दोनशें वर्षें त्यामागें धरलीं तर गडाचा पाया दहाव्या-अकराव्या शतकांत कोठें तरी पडतो. हा केवळ हिशेब आहे, पुरावा नव्हे. तथापि नवव्या शतकाचा जो आंकडा पुस्तकांतून पुस्तकांत उतरत आला आहे, त्यापेक्षां हा बुद्धीस अधिक पटतो.

तिसरी गोष्ट दप्तरांच्या वांटणीची. वर्धा नदीपलीकडील राजुऱ्याचा मुलूख, व त्यांतच माणिकगडचे डोंगर, निजामाच्या राज्यांत अदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असत. १९४८ त निजामाचें राज्य संपलें. १९५६ च्या पुनर्रचनेंत राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यांत आला, आणि १९५९ त चांदा जिल्ह्यास जोडला गेला. हल्लीं गडाचा प्रदेश जिवती तालुक्यांत आहे. त्यामुळें गडाविषयींचे जुने कागद एका ठिकाणीं मिळण्याची आशा नाहीं. कांहीं हैदराबादेस, कांहीं नागपुरास, कांहीं जमीनदारांच्या व वतनदारांच्या घरीं असावयाचे. याच जिवती तालुक्यांतील सरहद्दीवरच्या चौदा गांवांवर महाराष्ट्र व आंध्र-तेलंगण या दोन्ही बाजूंनीं हक्क सांगितला, आणि तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें दोन्हीकडच्या मतदार-याद्यांत नांवें बाळगिलीं, हें वर्तमानपत्रें वाचणारांस ठाऊक आहेच. आईनमधील माणिकदुर्गाचीच ही आवृत्ति नव्हे काय?

३

गडचांदूर हें गांव चंद्रपुराहून नैर्ऋत्येस सुमारें ४५ किलोमीटर आहे. तेथून जिवतीकडे जाणारी पक्की सडक डोंगर चढून जाते, व मोटारीनें जाणारास गड फार दूर राहत नाहीं. परंतु किल्ल्यावर पाण्यावांचून माणसाची काय गत होते हें पाहावयास निघालेल्यानें मोटारींतून उतरणें म्हणजे उपासाचा अनुभव घेण्यास जेवून जाणें होय. म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या अमलनाला तलावाकडून आम्हीं पायवाट धरली.

सोबतीस वाटाड्या घेण्याचा बेत होता. परंतु ते दिवस तेंदुपानांच्या हंगामाचे. पायथ्याच्या वस्त्यांतील धडधाकट माणूस पहांटेपूर्वींच रानांत जातो, ऊन तापण्यापूर्वीं पानें तोडून आणतो व दुपारीं त्यांचे मुडके बांधीत बसतो. एका दिवसाच्या वाटाडेपणासाठीं कोणी हंगाम बुडवावा असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. म्हणून एकटेच निघालों. हें शहाणपणाचें नव्हतें हें पुढें कळलेंच.

पहांटे पांचाच्या सुमारास एका कोलाम पोडावरून जात असतां अंगणांत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं हटकलें. "एकलेच जाता काय, भाऊ? पाणी किती घेतलें?" आमच्याजवळ अडीच लिटर पाणी होतें, शिवाय गूळ, दोन कांदे व डोक्यास बांधावयाचा दुपट्टा. आम्हीं मोठ्या विश्वासानें सांगितलें कीं गडावर तळें आहे, तेथें भरून घेऊं. ते हंसले व म्हणाले, "गड कोठें पळून जात नाहीं, भाऊ, पाणी जातें." आम्हीं तें बोलणें ग्रामीण चातुर्य समजून मनांत नोंदलें आणि पुढें चाललों. टिपणवहींत गॅझेटियरावरून उतरलेलें वाक्य होतें कीं तटाच्या आंत जलाशय आहे; त्यावर आमचा अधिक भरंवसा होता.

वैशाखांतील हें रान ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस त्याची कल्पना येणें कठीण आहे. सागाचें पान एकहि झाडावर नाहीं; सगळीं खालीं, आणि पापडासारखीं वाजणारीं. दहा पावलांवरचें जनावर आपणांस ऐकूं येतें, आणि आपण त्यास शंभर पावलांवरून ऐकूं जातों. सालई व धावडा निष्पर्ण उभे. मध्येंच कुल्लूचें पांढरें खोड हाडासारखें दिसतें. हिरवें म्हणून कांहीं असेल तर मोहाची नवी पालवी आणि तेंदू. साडेसहापर्यंत चाल सुखाची होती. सातानंतर वाऱ्याचा स्पर्श बदलला. आठ वाजतां काळ्या दगडावर तळहात ठेववेना. चांद्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाणें नवलाचें नाहीं. त्या दिवशीं अकरा वाजतां, सावलींत, आमच्याजवळील उष्णतामापकावर ४२ अंश दिसत होते.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ५०७ मीटर आहे. सह्याद्रींतील दुर्गांशीं तुलना केली तर ही उंची कांहींच नव्हे, व चढहि छातीवर येणारा नाहीं. रायगड-राजगडाच्या दृष्टीनें पाहणारास हा गड सामान्यच वाटेल. परंतु सह्याद्रीच्या गडास समुद्राचा वारा आहे; येथें वारा येतो तो भट्टीच्या तोंडचा. उंचीनें जें संरक्षण तिकडे मिळतें तें इकडे अरण्य आणि ऊन यांनीं मिळत असे, असें आमचें मत चढतां चढतां होत गेलें. अडीच लिटरांपैकीं दीड लिटर पाणी दरवाजापाशीं पोंचेपर्यंतच संपलें होतें.

४

दरवाजा भव्य आहे. मोठमोठ्या काळ्या दगडांचें बांधकाम, आणि वरच्या पट्टीवर नागाची आकृति. या नागावरून गड नागवंशी मानांचा ठरविण्यांत येतो. माना लोक स्वतःस नागवंशी म्हणवितात, तेव्हां परंपरा व शिल्प येथें एकमेकांस दुजोरा देतात हें खरें. तरीहि द्वाररक्षणार्थ नाग कोरण्याची चाल देशभर होती. केवळ त्या आकृतीवरून वंश ठरवूं नये. दरवाजावर काल सांगणारा लेख आम्हांस आढळला नाहीं. असल्यास तो वाचून कोणीं प्रसिद्ध केल्यास आमच्या वरील हिशेबाचें खरें-खोटें होईल.

आंत वाड्यांचे व कोठारांचे पडके अवशेष आहेत. दक्षिणेच्या बुरुजाकडे एक जुनी तोफ आहे. यांचीं वर्णनें पूर्वीं आलेलीं असल्यामुळें येथें विस्तार करीत नाहीं. ज्या एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे ती तटाची ओळ. डोंगरी किल्ल्याचा तट साधारणतः माथ्याच्या कडेनें फिरतो. शत्रूस खालीं ठेवावें, आपण वर राहावें, हा साधा नियम. माणिकगडचा तट बुरुजांसह एका दरीला कवेंत घेतो, आणि त्या वेढ्यांतील सखल भागीं जलाशय आहे. असें करण्यांत बांधणाराचें नुकसान आहे. तटाची लांबी वाढते, पहारे वाढतात, आणि उंचीचा फायदा कांहीं ठिकाणीं हातचा जातो. जाणत्या माणसानें हें नुकसान पत्करलें तर त्याचें कारण त्याहून मोठें असलें पाहिजे. तें कारण एकच संभवतें. पावसाचें जें पाणी या दरींत उतरतें तें तटाच्या बाहेर जाऊं द्यावयाचें नव्हतें. या गडाचा तट आधीं पाण्याभोंवतीं घातला आहे, मग माणसांभोंवतीं.

हें अनुमान हिवाळ्यांत सुचलें नसतें. हिवाळ्यांत जलाशय ही एक शोभेची वस्तु दिसते व पाहणारा तटाकडे वळतो. आम्ही मात्र सकाळपासून त्या पाण्याचाच विचार करीत आलों होतों, आणि दरवाजांतून सरळ तिकडेच गेलों.

५

जलाशयांत पाणी नव्हतें. गाळाची भेगाळलेली भूमि, आणि एका कोपऱ्यांत खाटेएवढें हिरवें डबकें; त्याभोंवतीं रानडुकरांनीं उकरलेला चिखल. त्या चिखलांत एक मोठा पंजा उठलेला होता. तो वाघाचा कीं बिबट्याचा हें ओळखण्याइतकी विद्या आम्हांस नाहीं, आणि ओळखण्यासाठीं थांबण्याइतकें धैर्यहि त्या वेळीं नव्हतें. डबक्यांतील पाणी पिण्याजोगें नव्हतें. आमच्याजवळ एक लिटरहून कमी पाणी होतें व वाजले होते साडेअकरा.

अशा वेळीं दोन मार्ग असतात. लगेच उतरावें व दोन तासांचें ऊन अंगावर घ्यावें, किंवा सावली धरून चारपर्यंत बसावें. आम्हीं दुसरा मार्ग पत्करला व दरवाजाच्या आडोशास येऊन बसलों. साडेचार तास तेथें काढले. घड्याळ लावून घोटघोट पाणी घेतलें. एकाच्या सुमारास पोटऱ्यांस गोळे आले. दोन वाजतां घाम येईनासा झाला आहे असें वाटून मनांत भय शिरलें. दुपट्ट्याचें टोंक ओलें करून मानेवर ठेवलें व कांदा फोडून खाल्ला. त्याचा गुण कितपत आला सांगतां येत नाहीं; परंतु या प्रांतीं ऊन लागूं नये म्हणून हीच चाल आहे. त्या वेळांत एकहि पाखरूं हाललें नाहीं. टिपण करण्यासाठीं काढलेली लेखणी हातांत तशीच राहिली.

हा प्रसंग येथें लिहिण्याचें कारण वाचकांची करुणा मिळविणें हें नव्हे. चूक आमची होती, आणि ती विशेषेंकरून कागदांवर जगणाऱ्या माणसाची होती. छापील वाक्यांत पाणी आहे म्हणून डोंगरावर पाणी असलेंच पाहिजे, असें आम्हीं धरून चाललों. आईनमधील नोंदीवरून माणिकदुर्ग मोगलांचा ठरविणाराची चूक याहून निराळी नाहीं. पहांटे पोडावरच्या वृद्धांनीं थोडक्या शब्दांत जें सांगितलें तें साधन आम्हीं साधन म्हणून गणलेंच नाहीं.

त्याच्या उलट दुसरी चूक करण्याचा मोहहि त्या आडोशांत बसून झाला, तोहि सांगणें अवश्य आहे. कोरडा तलाव पाहून असें म्हणावेंसें वाटलें कीं येथें बारमाही शिबंदी राहणें शक्यच नव्हतें, परंपरा खोटी. परंतु हाहि निर्णय उतावळा होय. आज जें कोरडें आहे तो तलाव नव्हे, तलावांत भरलेला गाळ आहे. शतकानुशतकें कोणी उपसला नाहीं अशा जलाशयाची धारणशक्ति किती कमी होते हें गांवोगांवचीं तळीं पाहणारास सांगावयास नको. गाळ काढलेल्या स्थितींत या तळ्याची खोली किती होती हें कोणी माप घेऊन ठरविल्याशिवाय शिबंदीचा हिशेब होणार नाहीं. आम्हांजवळ मापाचीं साधनें नव्हतीं व अंगांत त्राणहि नव्हतें.

मात्र एक गोष्ट निश्चित झाली. हें तळें दरसाल वैशाखांत, पाणी खालीं गेलें असतां, उपसावें लागत असलें पाहिजे. त्यास हात लागत, आणि ते हात पायथ्याच्या वस्त्यांचे. ज्या दिवशीं राजास त्या वस्त्यांकडून हें काम घेण्याची गरज किंवा शक्ति उरली नाहीं त्या दिवसापासून गड मरूं लागला. परंपरेप्रमाणें गोंड राजांचें आसन सिरपुराहून वर्धेकांठीं बल्लारपुरास व तेथून चांद्यास गेलें. दोन्ही ठिकाणें नद्यांवरचीं. माणिकगड ओस पडण्यास शत्रूच्या तोफांपेक्षां हें स्थलांतर व त्यामागून आलेला गाळच अधिक कारण झाला असावा, असें आम्हांस वाटतें.

६

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे चांदा प्रांताच्या इतर परंपरांवरहि नवा प्रकाश पडतो. चंद्रपूर शहराच्या स्थापनेची कथा सर्वांस ठाऊक आहे. खांडक्या बल्लाळशहा शिकारीस गेला असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत तहानेनें व्याकूळ झाला. एका खळग्यांत थोडें पाणी दिसलें तें त्यानें प्यालें व त्यानें अंग धुतलें. त्यायोगें त्याच्या अंगावरील खांडकें बरीं झालीं. पुढें राणीनें तो झरा मोकळा करविला, तेथें अचलेश्वराचें स्थान झालें व भोंवतीं नगर वसलें. ही कथा आजवर चमत्कार म्हणून सांगितली जाते. तींतील ऋतु मात्र कोणी पाहत नाहीं. नदी कोरडी आहे, स्वार एकटा आहे, आणि तहान प्राणांतिक आहे. ही उन्हाळ्यांतली कथा आहे. ज्या ठिकाणीं वैशाखांतहि पाणी सांपडलें तेथें राजधानी झाली, हा तिचा ऐतिहासिक गाभा होय. व्याधि बरी होणें हा अलंकार मानला तरी चालेल.

दुसरी परंपरा हीरशहाची. रान तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती जमीन, आणि तलाव बांधील त्यास त्या तलावाखालीं भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा ठराव सांगतात. तलावासाठीं दिलेल्या अशा जमिनींस तुकूम म्हणत. चंद्रपुरांतील तुकूम या भागाचें नांव अजून तीच आठवण देतें. मोजमाप बिघ्यांनीं न करितां पाण्यानें करावयाचें, यांत राज्यकर्त्याची केवढी समज आहे! तलाव फुटला कीं देणगी आटली. म्हणून तलाव राखणें हें वतनदाराच्या स्वार्थाचेंच काम झालें. माणिकगडावर जें राजाज्ञेनें करवून घ्यावें लागे तें खालच्या मुलखांत या युक्तीनें आपोआप होऊं लागलें.

गडचिरोलीकडील टिपागडावर डोंगरमाथ्यावरच तळें आहे, आणि तेथील दंतकथेंत राणीचा अंत त्या तळ्यांतच झाला असें सांगतात. म्हणजे गडाची स्मृति तटाभोंवतीं न राहतां पाण्याभोंवतीं राहिली. वैरागड तर भुईकोट. हिऱ्यांच्या खाणीसाठीं आईनमध्यें गाजलेला. त्याच्या तटाभोंवतीं खंदक आहे. डोंगर नाहीं तेथें पाणी बाहेर ठेविलें, डोंगर आहे तेथें आंत घेतलें, सूत्र एकच.

ऋतूचा विचार युद्धाच्या हकीकतींतहि करावा. १८१८ च्या १७ एप्रिलास दुसऱ्या बाजीरावाचा पांढरकवड्याजवळ पराभव झाला व चांद्याकडे जाण्याची त्याची वाट तुटली. २० मे रोजीं कर्नल ॲडम्सच्या फौजेनें चांद्याचा कोट हल्ला करून घेतला. दोन्ही तारखा चैत्र-वैशाखांतल्या. १८५८ त मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांचा उठाव मार्च-एप्रिलांतच भरास आला. गढी सुर्ल्याच्या डोंगरावरून त्यांच्या लोकांनीं इंग्रजी फौजेवर दगड लोटल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरास त्यांस चांद्यास फांशी देण्यांत आलें. या लढायांचीं वर्णनें वाचतांना माणसें किती व बंदुका किती हें आपण विचारतों. डोंगरावरच्या माणसांस त्या दिवसांत पाणी कोठून मिळत होतें हें विचारीत नाहीं. साडेचार तास दरवाजाच्या आडोशास काढल्यावर हा प्रश्न आम्हांस गौण वाटेनासा झाला.

७

चार वाजतां उतरण्यास प्रारंभ केला. शेवटचा घोट अर्ध्या वाटेवर संपला. पोडावर पोंचलों तेव्हां सूर्य मावळतीस आला होता. सकाळचे वृद्ध तेथेंच होते. त्यांनीं कांहीं एक न विचारतां मडक्यांतील पाणी आणून दिलें, पहिल्यानें अगदीं थोडें, आणि "एकदम पिऊं नका" म्हणून तांब्या हातीं धरून ठेविला. नंतर आम्हीं विचारलें कीं तळें कोरडें आहे हें सकाळींच स्पष्ट कां सांगितलें नाहीं? त्यांनीं उत्तर दिलें, "सांगितलें होतें." तें खरें होतें.

येणेंप्रमाणें जीं अनुमानें निघतात तीं थोडक्यांत अशीं. माणिकगडाचा तट दरीचें पाणी राखण्याच्या हेतूनें आंखलेला आहे. गडावरील बारमाही वस्ती पायथ्याच्या वस्त्यांनीं तळें राखण्यावर अवलंबून होती. गोंडांच्या राजधान्या नदीकांठीं गेल्यावर ती व्यवस्था मोडली. तुकूमाची पद्धति हें त्याच ज्ञानाचें सपाटीवरील रूप आहे. यांपैकीं पहिलें अनुमान गडावर जाऊन कोणासहि पडताळतां येईल. दुसऱ्या व तिसऱ्यास कागदांचा आधार हवा.

त्यासाठींच ज्यांच्या संग्रहीं चांदा प्रांताचे कागद आहेत त्यांस आमची विनंति आहे. तुकूमाच्या सनदा, तलाव-दुरुस्तीच्या याद्या, गाळ काढण्याच्या बिगारीचे हिशेब यांना आजवर किरकोळ समजून बाजूस ठेवण्यांत आलें असेल. राजांच्या वंशावळींपेक्षां या किरकोळ कागदांतच या प्रांताचा इतिहास अधिक असण्याचा संभव आहे. त्यांच्या नकला प्रसिद्ध व्हाव्या.

दुसरी विनंति डोंगरांविषयीं. आपण कागदास वाळवी लागेल म्हणून जपतों, परंतु डोंगर अक्षय समजतों. तो समज आतां टाकला पाहिजे. मानांच्या परंपरेंतील दोन गडांपैकीं सुरजागडच्या डोंगरांत लोहखनिजाची खाण चालूं झाली आहे. माणिकगडच्या पायथ्याची चुनखडी सिमेंटच्या कारखान्यांकडे जात आहे. खाणी असाव्या कीं नसाव्या हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु तटाची ओळ, तळ्याचा तळ व जुन्या वाटा यांचीं मापें व नकाशे होऊन राहिले नाहींत, तर पुढील अभ्यासकांस आमच्यासारखीं छापील वाक्येंच उरतील, आणि त्यांवर विसंबण्याचें फळ काय तें वर सांगितलेंच आहे.

हें मापाचें काम एकट्यानें करूं नये, तिघांचौघांनीं करावें. वैशाखांतच करावें, कारण तळ्याचा तळ त्याच वेळीं उघडा असतो. पाणी मात्र खालून घेऊन जावें, आणि निघण्यापूर्वीं पोडावर विचारावें.